वरकस जमिनीत स्टायलोची लागवड

कोलशेतच्या खाडीकाठापासून शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांपर्यंत ठाणे जिल्ह्याचे वाळले गवत एके काळी मुंबईच्या तबेल्यांस जात असे. कोलशेतचे माळ आता इमारतींनी व्यापले. परंतु ज्या शेतकरी बंधूंपाशी अद्याप वरकस आहे, त्यांनी तिचा नीट विचार करणे अवश्य आहे. सरकारी दप्तरात वरकसीचा आकार हलका, म्हणून मालकही तिला हलकी लेखतो आणि गिऱ्हाईक येताच विकून मोकळा होतो.

वास्तविक उणीव जमिनीपेक्षा गवतात अधिक आहे. दिवाळीनंतर पिवळ्या पडलेल्या कुसळीत प्रथिने शेकडा ३ ते ४ च उरतात. गुरांच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीवांस चारा पचविण्यास ती शेकडा सुमारे ७ लागतात. म्हणून असे गवत कितीही घातले तरी पोट भरते, अंगी लागत नाही. आणि पेंडीचा खर्च वाढतो. ही उणीव स्टायलो हे बहुवर्षायू द्विदल भरून काढते. त्यात प्रथिने शेकडा १२ ते १८ असतात, व मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस देतात.

जमीन व जात.— पाण्याचा निचरा होणारी उताराची मुरमाड जमीन चालते. पाणी साचणारे भातखाचर चालत नाही. हमाटा जात लवकर फुलते, पण अल्पायुषी असते. स्कॅब्रा झुडुपी व अवर्षण सोसणारी असून राहुरीच्या कृषि विद्यापीठाची 'फुले क्रांती' याच जातीची आहे. अधिक पावसात गायनेन्सिस बरी. एकाच जातीवर विसंबू नये. ऑस्ट्रेलियात १९७० नंतरच्या दशकात करपा रोगाने एका वर्षायू स्टायलोची कुरणेच्या कुरणे नष्ट केली.

पेरणी.— बियांचे कवच कठीण असते. प्रस्तुत लेखकाने प्रथम बी तसेच कोरडे फेकले. चार-दोन रोपांपलीकडे काही उगवले नाही. यास्तव बी ८० अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात ४ मिनिटे ठेवून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे. मृगाच्या पावसावर, उतारास आडव्या दीड फुटी ओळींत, एकरी अडीच किलो बी पेरावे. फेकून पेरल्यास ४ किलो लागते. अर्ध्या इंचाहून खोल जाऊ देऊ नये. एकरी ३ गोणी (१५० किलो) सुपर फॉस्फेट द्यावे.

राखण.— पहिल्या वर्षी गुरे मुळीच सोडू नयेत, व वर चढणारे गवत एकदा कापून रोपांस ऊन द्यावे. वणव्याने स्टायलोची झाडे मरतात. म्हणून भोवती जाळपट्टा राखावा व राब दूर भाजावा.

कापणी.— सुमारे ७५ दिवसांनी फुलोरा येतो. भाद्रपदातील कापणी हिरवी चारावी, कारण पावसात ती वाळत नाही. वाळवणाची कापणी पाऊस उघडल्यावर, बी धरण्यापूर्वी, वीतभर बुंधा राखून करावी. सारे सत्त्व पानांत असते, आणि कडक वाळलेली पाने हाताळताना गळतात. म्हणून एक ऊन देऊन, सकाळी दंव असतानाच उलथापालथ करावी व पेंढ्या बांधाव्या. हे वाळवण कुसळीत मिसळून घातल्यास कुसळीही पचते.

प्रथम पाच गुंठेच करून पाहावे. दोन वर्षांचा दाणापाण्याचा हिशेब वहीत मांडावा आणि मगच वरकस विकावी की राखावी, हे ठरवावे.