सरड्याचे रेशीम आणि व्यापाऱ्याचे ईमान

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. सरड्यांच्या व्यापारावर कधी लिहावे लागेल असे वाटले नव्हते. पण इंग्लंडमध्ये पाळीव प्राण्यांचे दुकान चालवणाऱ्या आमच्या भाच्याने गेल्या हिवाळ्यात फोन केला आणि विचारले, "मामू, गाठीला पैसे मोजकेच आहेत. मोठ्या अंगाच्या सरड्यांची जोडी घेऊ, की रेशमी कातडीची? रेशमातले तुम्हाला कळते." आम्ही हसलो. पुढे माहिती घेत गेलो तसे हसू ओसरले. हा प्रश्न सरड्याचा कमी आणि धंद्याचा जास्त आहे, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत.

माल कोणता?

बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे दाढीवाला सरडा. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला आणि आपल्या कुंपणावर मान हलवणाऱ्या सरड्याच्याच कुळातला. शेपटी धरून लांबी साधारण दीड ते दोन फूट. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो, ती काळी पडते आणि दाढीसारखी दिसते. स्वभाव मात्र गरीब. म्हणून युरोप-अमेरिकेत तो हौसेने पाळला जातो.

ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकापासून आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद ठेवली आहे. बाहेरच्या बाजारातले सरडे हे पूर्वी बाहेर गेलेल्या थोड्या जनावरांचीच संतती आहेत. त्यांचीच पैदास वाढत गेली, साधा सरडा दुकानोदुकानी मिळू लागला आणि भाव पडला. भाव पडला की व्यापारी काय करतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. एक तर पन्हा वाढवतो, नाही तर डिझाईन बदलतो. इथेही तेच झाले.

पन्हा वाढवणारे

पहिला मार्ग आकाराचा. 'जर्मन जायंट' या नावाने विकले जाणारे सरडे दोन फुटांच्याही पुढे जातात असे विक्रेते सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या थोराड जोड्या निवडून आकार वाढवला असेल तर त्यात सहसा गैर काही नाही. सरडा धडधाकट असतो, आपले आयुष्य जगतो.

पण कापडाला वजन यावे म्हणून जादा खळ देणारे जसे आपल्यात आहेत, तसे तिकडेही आहेत. पिल्लांना ठासून खाऊ घातले की ती लवकर फुगतात. गिऱ्हाइकाला ते आकाराचे वाण वाटते, प्रत्यक्षात ती चरबी असते आणि ती यकृतावर बसते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, ही चरबी मात्र सरड्याच्या जिवावर उठते.

दुसरी गोष्ट मादीची. एकदा नराशी संग झाला की मादी एकाच हंगामात अनेकदा अंडी घालू शकते. एका वेळी वीस-पंचवीस अंडी ही नवलाची गोष्ट नाही. त्या प्रत्येक अंड्याच्या कवचाचा चुना तिच्या शरीरातून जातो. खुराकात कॅल्शियम नसेल आणि तिला विश्रांती दिली नाही, तर तिची हाडे पोकळ होतात. जास्त अंडी म्हणजे जास्त नफा असे मोजणाऱ्याने हा खर्चही मोजला पाहिजे.

डिझाईन बदलणारे

दुसरा मार्ग रूपाचा. लाल, पिवळा, नारिंगी रंग निवडून वाढवले तर सरड्याला सहसा त्रास होत नाही. प्रश्न कातडीपाशी येतो. 'लेदरबॅक' म्हणजे पाठीचे खवले बारीक झालेला सरडा. 'सिल्कबॅक' म्हणजे खवलेच नसलेला, हाताला रेशमासारखा मऊ लागणारा.

ही मऊपणाची किंमत सरडा भरतो. जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले की हे खवले जाण्याचे कारण ईडीए नावाच्या जनुकातला बिघाड आहे. माणसात याच जनुकात दोष आला तर केस, दात आणि घामाच्या ग्रंथी नीट होत नाहीत. कॅनडात २०२१ साली झालेल्या अभ्यासात आढळले की खवले कमी असलेल्या सरड्यांच्या अंगातले पाणी जास्त वेगाने उडून जाते. रुक्ष मुलखातल्या प्राण्याचे खवले म्हणजे त्याचा अंगरखा. तो उतरवला की कातडी ओरखड्याने फाटते, टाकलेली कात बोटांना आवळून राहते आणि बोटे झडू शकतात. तीव्र दिव्याखाली ही कातडी भाजते, आणि दिव्याचे अतिनील किरण मिळाले नाहीत तर हाडे बनत नाहीत. मालक दिवसरात्र जपणारा असेल तरच असा सरडा तग धरतो. आपल्या भाषेत याला डिझाईन नव्हे, ऐब म्हणतात.

हिशेब

आता धंद्याचा हिशेब पाहू. आईबापांपैकी एकाकडून हे जनुक आले तर पिल्लू लेदरबॅक होते, दोघांकडून आले तर सिल्कबॅक. चोवीस पिल्ले धरा. लेदरबॅकची जोडी लेदरबॅकशी लावली तर सरासरीने सहा सिल्कबॅक, बारा लेदरबॅक आणि सहा साधी निघतात. लेदरबॅकची जोडी साध्याशी लावली तर बारा लेदरबॅक आणि बारा साधी.

लेदरबॅक दोन्हीकडे बाराच! म्हणजे पहिल्या जोडीतून जादा मिळते ते फक्त सहा दुखणाईत पिल्लांचे पैसे. आणखी एक वाट आहे. सिल्कबॅक साध्याशी लावला तर चोवीसच्या चोवीस लेदरबॅक निघतात. खरा मोह इथे आहे, कारण त्यासाठी एक खवलेहीन जनावर मुद्दाम जन्माला घालून ठेवावे लागते.

जर्मनीच्या प्राणीरक्षण कायद्याचे कलम ११ ब अशी पैदास मना करते, जिच्यामुळे संततीला वेदना किंवा इजा होणार हे आधी कळण्यासारखे असते. कसोटी चांगली आहे. पण कायदा दारात येण्याआधी व्यापाऱ्याने ती स्वतःला लावावी. आकार की रूप हा वादच चुकीचा आहे. मालाचा वाढलेला भाव गिऱ्हाईक आपल्या खिशातून देतो, की मुके जनावर आपल्या अंगातून देते, एवढेच विचारावे.

आम्ही भाच्याला हेच सांगितले. त्याने दोन लेदरबॅक नर आणि साध्या माद्या घेतल्या. प्रत्येक लेदरबॅकच्या पावतीवर तो लिहून देतो की याची जोडी लेदरबॅकशी लावू नये. साधी पिल्ले स्वस्तात जातात, अशी कुरकूर तो अजून करतो. आम्ही म्हणतो, बाळा, जातात ना? मग धंदा चालू आहे.