घमेल्याची पाठ, पाट्याचं शिंग

कोकणात माडाच्या शेंड्यात शिरलेला गेंड्या भुंगा काढायला लोखंडी आकडा वापरतात. भोकात आकड्याचं टोक घालायचं, भुंगा टोचायचा आणि ओढून बाहेर काढायचा. हडपसरच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये तोच भुंगा घडताना पाहिला तेव्हा मला आधी तो आकडाच आठवला. इथे मात्र मिस्त्रींच्या हातात सांडशी होती आणि भुंग्याचं शिंग ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून निघत होतं.

पाट्याचं लोखंड मिस्त्रींच्या ओळखीचं. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी याच पाट्यांचे कोयते आणि खुरपी करतात. शोभेचे किडे हा मिस्त्रींचा अलीकडचा नाद. आधी केला विंचू. तो शास्त्राप्रमाणे कीटक नाही, आठ पायांचा आहे, हे मी शहाणपणाने सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "सर, दोन पाय जास्तच दिले ना? मग तक्रार कसली?"

माल जुन्या बाजारातला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात बाकीचे लोक वस्तू चालते का बघतात, मिस्त्री तिचा बाक बघतात. फुटक्या घमेल्याचा तळ म्हणजे भुंग्याची अर्धी तयार पाठ. बेरिंगचे छर्रे डोळ्यांना, मऊ सळईचे तुकडे पायांना. सायकलच्या चकचकीत तारा हातात येतात आणि बहुतेक वेळा परत ठेवल्या जातात, कारण चकाकी म्हणजे मुलामा. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा भट्टीत घातला तर पांढरा धूर निघतो. जस्त 907 अंशांना उकळतं आणि लोखंड घडवायला त्याहून जास्त उष्णता लागते. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. जुन्या गाडीचा बंद शॉकॅबसॉर्बर तर मिस्त्री शेडमध्येही येऊ देत नाहीत. आतलं तेल आणि वायू तापून फुटला तर तो बॉम्बच.

भंगारावर त्याची जात लिहिलेली नसते. ती कळते ग्राइंडरवर. तुकडा चाकाला लावायचा आणि ठिणग्या बघायच्या. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, फारशा न फुटणाऱ्या. कार्बन वाढला की ठिणगी जवळच फुटते आणि फुलबाजीसारखी पसरते. मऊ लोखंडात कार्बन साधारण पाव टक्क्यापर्यंत, पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या पुढे, बेरिंगच्या पोलादात टक्काभर. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पाट्याचा बारीक ओढलेला पाय लाल असताना पाण्यात बुडवला तर तो काचेसारखा तडकतो, तेव्हा तो कळतो. म्हणून पाटा घडवून झाला की मिस्त्री तो राखेत पुरून ठेवतात. तो हळूहळू निवतो आणि मऊ पडतो.

भंगारातून किडे करणाऱ्यांत दोन पंथ दिसतात, जोडणाऱ्यांचा आणि घडवणाऱ्यांचा. पहिला पंथ नटबोल्ट, स्पार्क प्लग, साखळीचे दुवे वेल्डिंगने चिकटवतो. समोर येतो तो किड्याच्या आकारात मांडलेला स्पार्क प्लग. बघणारा "अरे, हा तर प्लग!" म्हणतो आणि किडा राहून जातो. अपवाद आहेत, आणि ते थोर आहेत. फ्रान्सचे एदुआर मार्तिने सायकली, टंकलेखन यंत्रं आणि गाड्यांच्या भागांतून कीटक उभे करतात. ते वेल्डिंग टाळतात, भाग स्क्रूने बसवतात. प्रत्येक भागाचा मूळ बाक कीटकाच्या अवयवाशी जुळेपर्यंत थांबणं हीच त्यांची कारागिरी. मिस्त्रींना इतका धीर नाही. बाक मिळाला नाही तर ते तो भट्टीत घालून आणतात.

पण लोखंडाला कीटकच का शोभावा? लोखंडी हरीण नेहमी थोडं अवघडलेलं दिसतं. भुंगा दिसत नाही. हरणाचं हाड आत आणि मऊ अंग बाहेर, भुंग्याचं उलटं. त्याचा सांगाडा म्हणजेच त्याची पाठ. कडक पत्रे, पत्र्यांना सांधे, सांध्यांत हालचाल. म्हणजे चिलखतच.

हे जपानच्या चिलखतकारांना तीनशे वर्षांपूर्वी उमगलं होतं. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि तोकुगावांच्या राजवटीत दीर्घ शांतता आली. शिरस्त्राणं घडवणाऱ्या म्योचिन घराण्यासारख्यांचे हात रिकामे होऊ लागले. लोखंडाचे पातळ पत्रे ठोकून ते एकमेकांवर सरकतील असे जोडायचे, ही त्यांची विद्या. ती त्यांनी शोभेच्या प्राण्यांत वापरली. ड्रॅगन, साप, खेकडे, कोळंबी, नाकतोडे. यांना आज 'जिझाई ओकिमोनो' म्हणतात, म्हणजे मनासारखे वळणारे शोभेचे जिन्नस. म्योचिन मुनेआकीचा 1713 सालचा लोखंडी ड्रॅगन टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तारीख कोरलेल्या अशा वस्तूंत तो सर्वांत जुना मानला जातो. 1876 मध्ये सामुराईंना तलवार बाळगायलाही बंदी झाली, तोवर ही कला परदेशी गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचू लागली होती. पुढे क्योटोत ताकासे कोझान यांच्या कार्यशाळेतून तांब्या-चांदीचे आणि मिश्रधातूंचे कीटक निघाले. खऱ्या मापाचे, पाय दुमडणारे, पंख उघडणारे.

तो माल भंगार नव्हता, आणि मिस्त्रींचा भुंगा काही पंख उघडत नाही. नातं आहे ते कामाच्या शिस्तीत. भुंग्याची पाठ करताना घमेल्याचा तुकडा नारिंगी तापवतात, लाकडी ओंडक्यातल्या खळग्यावर धरतात आणि गोल डोक्याच्या हातोडीने आतून ठोकतात. कडेपासून मध्याकडे. घाई झाली की कडेला चुण्या पडतात. मग छन्नीने पाठीवर मधोमध रेघ. ही रेघ नक्षी नव्हे. भुंग्याचे पुढचे दोन पंख कडक होऊन झाकणं झालेले असतात आणि ती झाकणं जिथे भिडतात तिथली ही फट. उडायचे खरे पंख त्यांच्याखाली घडी करून ठेवलेले. रेघ किंचित वाकडी गेली की अख्खा भुंगा खोटा वाटतो. मिस्त्रींनी असे तीन तुकडे भंगारात परत टाकलेले मी पाहिले.

पाठीपेक्षा अवघड पाय. नवखा कारागीर पाय पोटाला लावतो. कीटकाचे सहाही पाय छातीला असतात. पाय ओढायचा क्रम ठरलेला आहे, आधी चौकोनी, मग आठपैलू, शेवटी गोल. थेट गोल ठोकत गेलं तर आत चीर पडते. इतकी बारीक सळई भट्टीतून ऐरणीवर येईपर्यंत निम्मी थंड होते. चार-पाच घाव मिळतात, मग परत भट्टी. काळवंडलेल्यावर मारलेला घाव पाय मोडतो आणि जास्त वेळ आत राहिलेला पाय ठिणग्या सोडत जळून जातो. नडगीवरचे काटे गरम असतानाच छन्नीने उचलायचे. गेंड्या भुंगा याच काटेरी पायांनी शेणखताच्या खड्ड्यात आणि माडाच्या शेंड्यात वाट काढतो. म्हणून काटे बोथट झालेले मिस्त्रींना चालत नाहीत.

रंगाचा भाग मला सगळ्यांत आवडला. घासून स्वच्छ केलेलं पोलाद हळू तापवलं की सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवती पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं, आणि तीनशेच्या सुमारास निळं. हा रंग कशानेही लावलेला नसतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो आणि त्याच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून रंग दाखवतात. सोनकिड्याची हिरवी झळाळीही मुख्यतः अशाच सूक्ष्म थरांची करामत, म्हणून किडा मेल्यावरही ती विटत नाही. जपानमध्येच नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे. त्याच्या जाळीदार धातुकामाखाली खऱ्या सोनकिड्यांचे पंख बसवले होते. तिथे धातूने किड्याकडून रंग उसना घेतला होता.

गेंड्या भुंगा मात्र काळाच. तेव्हा निळा रंग घासून टाकला गेला आणि गरम पाठीवर जवसाचं तेल फिरलं. ते धूर सोडत काळं बसलं. वर मेण. मेण नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात भुंगा तांबडा होईल.

मी टेबलावर ठेवला तर तो डुगडुगला. चालताना खरा कीटक बहुधा एका बाजूचे दोन आणि दुसऱ्या बाजूचा एक असे तीन पाय टेकवतो आणि उरलेले तीन उचलतो. तिवई जशी कधी डुगडुगत नाही तसा तो स्थिर राहतो. लोखंडी भुंग्याला मात्र सहा पाय एकदम टेकवायचे असतात. मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा कपटा प्रत्येक पायाखाली सरकवून बघितला. पाच ठिकाणी अडकला, डाव्या मधल्या पायाखालून सरळ निघून आला. त्यांनी गॅसच्या बारीक ज्योतीने तेवढाच गुडघा लाल केला, सांडशीने केसभर खाली दाबला, थांबले आणि पुन्हा कपटा घातला.

"आता ओढा," म्हणाले. कपटा फाटला.