सोनोग्राफी नॉर्मल, तरी ओटीपोट दुखतंच

पवनी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या आसपासच्या गावांत धानाच्या रोवणीच्या दिवसांत गेलं की बाया सांगायच्या, "सिस्टर, ओटीपोट ओढल्यासारखं होते. पण बाईच्या जातीले हे राहतेच." हे "राहतेच" मला कधीच पटलं नाही.

याच वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ते संशोधन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त बोचतो.

बेंबीखालचं दुखणं सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलं, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. ते गर्भाशयाचंच असेल असं नाही. मूत्राशय, आतडी, ओटीपोटाचे स्नायू, नसा, कुठूनही ते उठू शकतं. जंतुसंसर्ग असतो, जननेंद्रियांचा क्षयही असतो. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, प्रजननवयातल्या साधारण दहातल्या एका स्त्रीला होतो, आणि तो साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे बाई खोटं बोलते, असा अर्थ काढूच नये. फार दिवस दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होऊ शकते आणि मूळ कारण बरं झालं तरी वेदना उरू शकते.

बुडीत गावातून पुनर्वसनात आलेली एक बाई मला आठवते. दोन सोनोग्राफी नॉर्मल, आणि एका खाजगी दवाखान्यात सल्ला मिळालेला, गर्भपिशवी काढून टाका. मी तिला विचारलं, नेमकं कुठं? तिनं एक बोट टेकवलं, कुटुंब नियोजनाच्या टाक्याशेजारी. पाळीशी संबंध नाही, लघवी-शौचाशी नाही. वाकून रोवणी करताना मात्र जीव जायचा. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी तिला उताणं झोपवलं, त्या जागेवर बोट दाबून डोकं आणि खांदे उचलायला सांगितलं. दुखणं वाढलं. आतल्या अवयवाचं दुखणं अशा वेळी सहसा कमी होतं, कारण ताठलेले स्नायू ढालीसारखे मध्ये येतात. तिचं दुखणं पोटाच्या भिंतीतलं होतं, टाक्याजवळ अडकलेल्या नसेचं. त्या जागी भूल देणारं इंजेक्शन दिलं आणि ती थोड्याच वेळात सरळ उभी राहिली. पिशवी काढली असती तर वेदना तशीच राहिली असती.

या तपासणीला ना यंत्र लागलं, ना पैसा. लागला तो वेळ आणि विचारण्याची तयारी. पतीजवळ जाताना दुखतं का, हा प्रश्नही त्यात येतो. तो एकांतात, बाईनंच बाईला विचारलेला बरा.

मैत्रिणींनो, दोन-तीन महिने कॅलेंडरवर खूण करा: कधी दुखलं, पाळी कधी होती, काय केल्यावर वाढलं. ते कॅलेंडर आणि सगळे जुने कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. पिशवी काढायला सांगितलं तर कारण विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पाळी चुकली असताना एकाएकी जोरात दुखलं, तापासह दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं, तर तेही अंगावर काढू नका.