भोक चुकलं, आता काय?

ऑइलची टाकी म्हटलं की मेकॅनिकलवाले सोडून बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर रिफायनरीतले ते मोठे पांढरे डबे येतात, बस्स! पण त्या डब्याला नॉझल आणि मॅनहोलसाठी भोकं पाडावी लागतात आणि साइटवर कधी कधी त्यांची जागा चुकते. ड्रॉइंगमध्ये जागा उत्तरेपासून अंशांत दिलेली असते. कोणी उलट बाजूने मोजलं की ९० अंशांचं नॉझल थेट २७० वर. पाइपलाइन पूर्वेला, भोक पश्चिमेला!

अशा वेळी मनात पहिला विचार येतो: कापलेली चकती परत बसवा, वेल्डिंग मारा, पेंट लावा, कोणाला कळतंय? नेमकं हेच धोक्याचं आहे. का, ते थोडं गणित करून बघू.

समजा टाकीचा व्यास ३० मीटर, आत १२ मीटर पाणी आणि खालच्या पत्र्याची जाडी १२ मिलिमीटर. पाण्याच्या दाबाने पत्रा गोलाईत ताणला जातो. तळाशी हा ताण सुमारे १४७ मेगापास्कल येतो. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे काळजी नाही. पण ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या काठावर ताण जवळजवळ तिप्पट होतो, म्हणजे ४४०! म्हणून एपीआय ६५० हा कोड मोठ्या भोकाभोवती जादा पत्रा लावायला सांगतो. जेवढं मेटल कापलं, तेवढं आजूबाजूला परत द्यायचं.

आता ती छोटी चकती. ती चारही बाजूंनी जखडलेली असते. वेल्ड थंड होताना आकसतं, पण आकसायला जागाच नाही. ताण आत कोंडून राहतो आणि तडा जाऊ शकतो.

मग उपाय काय? नॉझल पूर्ण बसलं असेल, त्याचा पॅड नीट असेल आणि ते दुसऱ्या जोडाच्या फार जवळ नसेल, तर मालकाच्या परवानगीने ब्लाइंड फ्लँज लावून ते तसंच ठेवायचं आणि योग्य जागी नवीन करायचं. कमीत कमी वेल्डिंग, कमीत कमी त्रास. ते काढायचंच असेल तर भोक आणखी मोठं कापून नवा पत्रा बसवायचा. ऐकायला उलटं वाटतं ना? दुरुस्तीचा कोड एपीआय ६५३ म्हणतो, हा पत्रा किमान ३०० मिलिमीटर किंवा जाडीच्या १२ पट, यातलं जे जास्त असेल तेवढा हवा आणि कोपरे गोल हवेत. टोकदार कोपरा म्हणजे तड्याला आमंत्रण. वेल्ड पूर्ण जाडीभर, मग रेडिओग्राफी आणि शेवटी पाणी भरून चाचणी.

एवढा खटाटोप कशाला? २ जानेवारी १९८८ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे अ‍ॅशलँड ऑइलची टाकी फुटली. जुनी टाकी सुटी करून तिथे पुन्हा उभारली होती. पाणी भरून पूर्ण चाचणी झाली नव्हती. सुमारे ३८ लाख गॅलन डिझेल बाहेर आलं, त्यातलं काही मोनोंगाहेला नदीत गेलं. तिथे भोक चुकलं नव्हतं, पण तडा सुरू झाला तो वेल्डजवळच्या एका छोट्याशा दोषातून.

उद्या आपल्यापैकी कितीतरी जण ट्रेनी म्हणून साइटवर उभे असतील. चुकलेलं भोक दिसलं तर ते झाकायच्या आधी लेखी कळवा. पेंटखाली भोक दिसत नाही, पण ताण तिथेच असतो.