पालथं झोपून उतरलेली कळ

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन, साल १९५६. रॉबिन मॅकेन्झी हे पंचविशीतले फिजिओथेरपिस्ट तिथे स्वतःचा दवाखाना चालवत होते. त्यांच्याकडे तीन आठवड्यांपासून एक पेशंट येत होता. पुढे जगभरच्या फिजिओथेरपीच्या वर्गांत तो 'मिस्टर स्मिथ' या नावाने ओळखला जाऊ लागला. कमरेच्या उजव्या बाजूला उठलेली कळ कुल्ल्यातून उतरत त्याच्या गुडघ्यापर्यंत जायची. पुढे वाकता येई, पण मागे वाकायला गेलं की जीव जायचा. नेहमीचे सगळे उपाय करून झाले होते आणि फरक शून्य.

त्या दिवशी मॅकेन्झींनी त्याला सांगितलं, आत जा, कपडे बदला आणि टेबलावर पालथे झोपा. आधीच्या पेशंटच्या गुडघ्यासाठी टेबलाचा एक भाग उचलून ठेवलेला होता, तो खाली घ्यायचा राहून गेला होता. स्मिथसाहेब मुकाट्याने त्या चढावर छाती टेकून पालथे झोपले. कंबर चांगलीच मागे वाकलेली, आणि पाच मिनिटं तिकडे कोणीच फिरकलं नाही. मॅकेन्झी आत आले आणि हादरले, कारण दुखऱ्या कमरेला असं मागे वाकवणं तेव्हाच्या शिकवणीप्रमाणे घातकच होतं. पण पेशंट खुशीत होता. तीन आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. पायातली कळ गेली होती आणि कमरेतलं दुखणं उजवीकडून सरकून मधोमध आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर त्याला पुन्हा तसंच झोपवलं, तेव्हा उरलेलं दुखणंही गेलं.

मॅकेन्झी हादरले ते उगाच नाही. अमेरिकेतल्या डॅलसचे अस्थिरोगतज्ज्ञ पॉल विल्यम्स यांनी १९३७ साली कंबरदुखीवरचे व्यायाम मांडले होते, आणि ते सगळे पुढे वाकण्याचे होते. उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, ओटीपोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवायची. माणसाच्या कमरेला जो आतल्या बाजूला बाक असतो तोच दुखण्याचं मूळ, म्हणून तो सपाट करायचा, हा त्यामागचा विचार. स्मिथच्या बाबतीत तो बाक वाढवल्यावर आराम पडला. एका पेशंटवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरं. पण मॅकेन्झी त्यानंतर प्रत्येक पेशंटला वेगवेगळ्या दिशांनी वाकवून बघू लागले, आणि कोणत्या हालचालीनंतर दुखणं कुठून कुठे जातं याची नोंद ठेवू लागले. माझ्या मते त्यांची खरी कमाई ही नोंद आहे, व्यायाम नव्हे.

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती, जिला आपण सर्रास गादी म्हणतो. चकतीच्या मधोमध मऊ, पाणीदार गर असतो आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चिवट तंतूंचे थर. या थरांची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा पातळ असते, आणि पायाकडे जाणाऱ्या नसा नेमक्या त्याच बाजूला असतात. थर फाटून गर बाहेर आला की नस दाबली जाऊन पायात कळ उतरते, हे बोस्टनचे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून मांडलं होतं. तासन्‌तास पोक काढून बसल्याने गर मागच्या बाजूला रेटला जातो आणि मागे वाकल्यावर तो जागेकडे परततो, असं मॅकेन्झींचं स्पष्टीकरण. या स्पष्टीकरणावर अभ्यासकांचं एकमत नाही. स्मिथच्या पायातली कळ जशी वर सरकून कमरेच्या मधोमध आली, तसं अनेकांचं होतं आणि तसं होणारे पेशंट सहसा लवकर बरे होतात, यावर मात्र फारसा वाद नाही. याला सेंट्रलायझेशन म्हणतात.

यातून घरच्या घरी वापरता येईल असा एक नियम हाती येतो. व्यायाम करताना पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मांडीतलं कुल्ल्यात आलं, कुल्ल्यातलं कमरेच्या मध्यावर आलं, तर दिशा बरोबर आहे. कमरेत थोडं जास्त दुखू लागलं तरी घाबरायचं कारण नाही. उलट कमरेतलं दुखणं हलकं होऊन पायात खाली उतरू लागलं, मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

काही दुखणी मात्र घरी हाताळायची नसतात. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, ही तातडीने इस्पितळात जाण्याची लक्षणं आहेत. तिथे तासांचा हिशेब असतो. पायातली ताकद कमी होत जाणं, चवडा उचलता न येणं, कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, उतारवयात ठिसूळ हाडं असताना अचानक उठलेली कळ, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. बाकीची कंबरदुखी, म्हणजे बहुसंख्य, कुठल्याही गंभीर आजारातून आलेली नसते.

मॅकेन्झींचं 'ट्रीट युअर ओन बॅक' हे छोटंसं पुस्तक १९८० साली आलं. नावातच सांगितलंय, तुमची पाठ तुम्हीच बरी करा. त्यातला पहिला व्यायाम म्हणजे नुसतं पालथं पडून राहणं. चटईवर पालथं झोपायचं, हात अंगालगत, मान एका बाजूला, आणि दोन-तीन मिनिटं कंबर आणि पाय पूर्ण सैल सोडायचे. हे जमलं की कोपरांवर उठायचं, कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली, आणि पुन्हा दोन-तीन मिनिटं तसंच राहायचं. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी पोटाखाली पातळ उशी घ्यावी आणि सवय झाली की काढून टाकावी.

त्यानंतर येतो तो मुख्य व्यायाम. पालथंच राहायचं, तळहात खांद्यांखाली टेकवायचे आणि हात हळूहळू सरळ करत छाती उचलायची. सगळं काम हातांनी करायचं. कमरेपासून खालचा भाग जमिनीला चिकटून, सैल. बहुतेकांचं इथेच चुकतं. छाती वर जाताना नकळत कुल्ले आवळले जातात, पाठीचे स्नायू ताठतात, आणि मग कंबर वाकतच नाही. एकदा श्वास सोडून पोट खाली ओघळू दिलं की फरक लगेच कळतो. वर एक-दोन सेकंद थांबून खाली यायचं. असं दहा वेळा. पहिल्या खेपेला हात अर्धेच सरळ होतात, दहाव्या खेपेपर्यंत थोडे जास्त. तीव्र दुखण्यात हे दिवसातून सहा ते आठ वेळा करायला मॅकेन्झी सांगत. सकाळी एकदाच वीस मिनिटं करून मोकळं होणाऱ्यांना याचा गुण येत नाही, कारण मधल्या वेळात खुर्चीत बसून मिळवलेलं सगळं घालवलेलं असतं. हा व्यायाम पलंगावर करू नये, मऊ गादीत कंबर रुतते.

हे भुजंगासनच की, असं कोणी म्हणेल. दिसायला जवळपास तेच आहे. पण भुजंगासनात पाठीच्या स्नायूंनी धड उचलायचं असतं, हातांवर भार कमीत कमी. इथे पाठीने काहीच करायचं नाही. दुखऱ्या कमरेला ताकद लावायला सांगणं आणि तिला नुसतं वाकू देणं, यात बराच फरक आहे.

ऑफिसात किंवा स्टेशनवर पालथं झोपता येत नाही, तेव्हा उभ्याने करायचा प्रकार आहे. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, दोन्ही तळवे कमरेच्या खळग्यात, बोटं मागे, आणि गुडघे न वाकवता कमरेतून मागे झुकायचं. पाच-सहा वेळा. ओणव्याने भात लावणाऱ्यांनी, धुणं धुणाऱ्यांनी आणि लॅपटॉपसमोर बसणाऱ्यांनी दुखण्याची वाट न बघता मधूनमधून हे करावं. दुखणं पूर्ण थांबून काही दिवस गेले की उताणं झोपून गुडघे छातीशी घेण्याचा, म्हणजे विल्यम्सचाच व्यायाम हळूहळू सुरू करायचा, नाहीतर कंबर पुढच्या दिशेला आखडते. मात्र तो करून झाल्यावर पालथं होऊन पुन्हा मागे वाकायला विसरायचं नाही.

मागे वाकणं सगळ्यांनाच मानवतं असं नाही. साठीच्या पुढे मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असते अशा काहींना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडतो. त्यांना मागे वाकायला लावलं तर त्रास वाढतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१२ पेशंट तपासले, तेव्हा २३० जणांची एक ठरावीक दिशा सापडली, म्हणजे त्या बाजूला वाकलं की त्यांचं दुखणं कमी होई. त्या दिशेचे व्यायाम मिळालेल्यांना दोन आठवड्यांत उलट दिशेचे व्यायाम मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त फरक पडला. शेजाऱ्याला ज्या व्यायामाने बरं वाटलं तो आपल्याला चालेलच असं धरून चालू नये, ते यासाठी.

बसण्याबद्दल मॅकेन्झी फार आग्रही होते. कमरेचा बाक टिकवून बसा, खुर्ची आणि कमरेच्या मध्ये गुंडाळी ठेवा. टॉवेल घट्ट गुंडाळून, दोन रबरबँड लावून पट्ट्याच्या रेषेवर ठेवला की काम भागतं. १९९१ साली २१० पेशंटवर झालेल्या अभ्यासात अशी गुंडाळी घेऊन बसणाऱ्यांचं कमरेचं आणि पायाचं दुखणं एक-दोन दिवसांतच पोक काढून बसणाऱ्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं. बाक नेमका किती ठेवायचा हे कळायला एक युक्ती आहे. आधी पूर्ण पोक काढायचा, मग छाती काढून जमेल तितकं ताठ व्हायचं, आणि त्या टोकापासून किंचित मागे यायचं. मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्यांची कंबर आपोआप मागे कलते; बैठकीखाली घडी केलेली चादर घेऊन कुल्ले गुडघ्यांपेक्षा उंच केले की बाक परत येतो.

पण ताठ बसणं म्हणजे सर्वस्व, असंही नाही. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा वाढतो, असं त्यांना आढळलं, आणि पुढे कित्येक वर्षं 'बसणं वाईट' हा मंत्र त्यावर चालला. मग जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी १९९९ साली एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून ते आकडे पुन्हा तपासले. झोपल्यावर ०.१ मेगापास्कल, उभ्याने ०.५, आधाराविना बसल्यावर साधारण तितकाच, आणि खुर्चीत रेलून पसरल्यावर त्याहूनही कमी! खरा भार निघाला तो ओझं उचलताना. पाठ गोल करून २० किलो उचलल्यावर २.३, गुडघे वाकवून उचलल्यावर १.७. तेव्हा रेलून बसलेल्या मुलाला ओरडण्यापेक्षा गॅसचा सिलिंडर कसा उचलतो इकडे बघावं. बसण्याची कोणतीही एक तऱ्हा दोन तास सलग चालवली की दुखतं. दर अर्ध्या तासाने उठणं हे कितीही महाग खुर्चीपेक्षा सरस.

सकाळची गोष्ट वेगळी. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच आपण सकाळी रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटरने उंच असतो. फुगलेल्या चकतीवर वाकताना जास्त ताण येतो. अमेरिकेत स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढंच सांगितलं की उठल्यावर पहिले काही तास वाकू नका, आणि त्यांचं दुखणं कमी झालं. आपल्याकडे तर केर काढणं, पाणी भरणं, आंघोळीच्या बादलीशी वाकणं, सगळं त्याच वेळी. लांब दांड्याचा झाडू आणि स्टुलावर ठेवलेली बादली, एवढी सोय बहुतेक घरांत करता येते.

दुखायला लागलं की अंथरुणाला खिळून राहायचं, हा जुना सल्ला फिनलंडमध्ये १९९५ साली तपासला गेला. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना व्यायाम दिले आणि काहींना जमेल तशी रोजची कामं चालू ठेवायला सांगितली. तिसरा गट सगळ्यांत लवकर सावरला. व्यायामाचा गटही त्यांच्या मागेच राहिला, हे व्यायामप्रेमींनी ध्यानात घ्यावं. मॅकेन्झींच्या पद्धतीलाही अशीच एक थप्पड बसली आहे. १९९८ साली अमेरिकेत ३२१ जणांवर झालेल्या तुलनेत नुसती एक पुस्तिका हातात दिलेल्यांची प्रगती त्यांच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपेक्षा किंचितच कमी निघाली.

एमआरआयचा रिपोर्ट आला की घरातलं वातावरण पालटतं, 'मणक्यात गॅप आलाय' असं चार ठिकाणी सांगितलं जातं आणि माणूस वाकायलाच घाबरू लागतो. १९९४ साली कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची निदान एक चकती फुगलेली निघाली. कागदावरची चकती आणि अंगातलं दुखणं यांची गाठ डॉक्टरांनी तपासून घालायची असते, फोटो बघून आपण नव्हे.

बरी झालेली कंबर पुन्हा दुखते, हा या आजाराचा सगळ्यात चिकट भाग. त्यावर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ७०१ जणांना घेऊन चालण्याचा प्रयोग केला, तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. चालणाऱ्या गटाला पुढचा झटका येईपर्यंत मध्यकाने २०८ दिवस गेले, इतरांना ११२. चालणाऱ्यांना फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन होतं, आणि लक्ष्य होतं आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास, तेही एकदम नाही, सहा महिन्यांत हळूहळू गाठायचं.