एमजीबीचं इंजिन बांधताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी सरळ बांधणीची आणि आजही सुटे भाग मिळणारी गाडी विरळाच. तरी ‘हे विलायती इंजिन आपल्या मिस्त्रीला झेपायचं नाही’ असं सर्रास ऐकू येतं. वास्तविक एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन आणि आपल्या अँबेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीच्या बी-सिरीजचं. दोघांचा स्ट्रोक तोच, ८८.९ मिलिमीटर, बोअर तेवढा ७३ वरून ८०.२६ मिलिमीटर झाला. भाग सरसकट अदलाबदल होत नाहीत, पण ज्याने अँबेसेडरची इंजिनं बांधली आहेत, त्याला यात गूढ असं काही वाटणार नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज असा: ‘इंजिन उघडलंच आहे, तर रिबोअर करून टाकू.’ रिबोअर म्हणजे ब्लॉकमधलं लोखंड कायमचं खरवडणं. बाजारात मिळणारे ओव्हरसाइज पिस्टन साधारण ०.०२०, ०.०३०, ०.०४० आणि ०.०६० इंचांचे. प्रत्येक खेपेला ब्लॉकच्या आयुष्याची एक पायरी संपते, आणि शेवटच्या पायरीनंतर बहुतेकदा स्लीव्ह घालणं एवढाच मार्ग उरतो. म्हणून आधी माप. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबते त्याच्या जरा खाली झीज सर्वांत जास्त असते. बोअर गेज वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं लावलं की निमुळतेपणा आणि लंबगोलपणा दोन्ही कळतात. आकडे कारखान्याच्या मर्यादेत असतील, तर होनिंग आणि नव्या रिंगांवर भागतं. क्रँकशाफ्टलाही हेच लागू. मायक्रोमीटर न लावता ‘ग्राइंड करा’ म्हणणारा कारागीर मला विश्वासाचा वाटत नाही.

त्याही आधी, इंजिन गाडीत असतानाच कॉम्प्रेशन तपासावं. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा; जागचा हलला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, त्यासाठी सगळं इंजिन बाहेर काढायची गरज नाही.

‘ब्रिटिश गाडी म्हटली की ऑइल गळणारच’ हा विनोद म्हणून ठीक. १९६४च्या शरद ऋतूपर्यंत या इंजिनाच्या क्रँकला तीन मेन बेअरिंगं होती आणि मागच्या टोकाला ऑइल परत लोटणारी नुसती वळणदार खाच. पुढे पाच बेअरिंगं आली, तेव्हा तिथे रबरी ओठाचं सील बसलं. पाच बेअरिंगवालं इंजिन मागून गळत असेल, तर आधी ब्रीदर तुंबलाय का ते बघा; आतला दाब वाढला की नवं सीलही हार मानतं.

‘शिसं नसलेल्या पेट्रोलने जुनं इंजिन बसतं’ यात अर्धं तथ्य आहे. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यात गादीसारखा काम करायचा. २००० साली भारतात आणि ब्रिटनमध्येही शिशाचं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं, तेव्हापासून लांबवर भरधाव चालवलेल्या गाड्यांच्या सीट झिजू शकतात. उपाय एकदाच करायचा: हेड उतरलेलं असताना कडक धातूच्या सीट बसवून घेणं. आज जास्त काळजी इथेनॉलची करावी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबरी पाइप आणि पंपाचे डायफ्रॅम टिकत नाहीत. इंजिन नवं आणि पाइप जुना ही जोडी आगीला आमंत्रण देते.

ऑइलच्या बाबतीत महाग ते चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. या इंजिनाचे टॅपेट सपाट तळाचे. कॅमशी घासताना त्यांना जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचं संरक्षण लागतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. इथे २०डब्ल्यू-५० दर्जाचं, जस्त पुरेसं असलेलं ऑइलच हवं. आणि बऱ्याच जणांना पटत नाही ते हे, की एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्येही इंजिन ऑइलच जातं. जाड हायपॉइड गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलसाठी.

क्लच सोडताना मागून ‘ठक्’ असा आवाज आला की गिअरबॉक्सवर आळ येतो. खरा गुन्हेगार बहुधा मागे असतो: डिफरन्शिअलमधले झिजलेले थ्रस्ट वॉशर, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, किंवा तारांची चाकं असतील तर हबचे घासलेले स्प्लाइन. ओव्हरड्राइव्ह लागत नसेल तर आधी ऑइलची पातळी, वायर आणि स्विच तपासा. क्लच मात्र इंजिन बाहेर असतानाच बदलावा, कारण एरवी त्यासाठी इंजिन पुन्हा उतरवावं लागतं. त्यातलं रिलीज बेअरिंग ग्रॅफाइटचं आहे. सिग्नलला पाय क्लचवर दाबून ठेवायची सवय त्याला लवकर संपवते.

शेवटी, ‘नवं इंजिन आठवडाभर आयडलवर, मग हळूहळू.’ नव्या कॅमसाठी हेच सर्वांत वाईट. कॅमसोबत टॅपेटही नवेच घाला. प्लग काढून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवा. मग सुरू केल्याबरोबर वीसेक मिनिटं दोन हजारांच्या वर फेरे ठेवा, कारण आयडलवर कॅमपर्यंत पुरेसं ऑइल उडत नाही. रस्त्यावरही अति जपू नका. रिंगा बसायला भार लागतो, तो न मिळाल्यास बोअर गुळगुळीत होऊन इंजिन ऑइल पीत राहतं. वेग बदलता ठेवा, चढ टाळू नका, फक्त फेरे ताणू नका. पहिल्या ८०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, हेडचे नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला तपासा आणि त्यानंतर टॅपेटची फट नव्याने लावा.