दारावरचे यंत्र आणि दारावरचा माणूस

ईदची नमाज असो, मोठा इज्तिमा असो की प्रवेशपरीक्षेचे केंद्र, आता फाटकाशी एक काळे यंत्र हमखास दिसते. आकार भाकरीच्या उलथण्यासारखा, मागे मूठ आणि पुढे चपटे पाते. लोक त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. अंगावरून ते फिरवणारे अनेकदा आपलीच मुले असतात. आदल्या रात्री यंत्र हातात येते, सकाळी फाटकावर उभे केले जाते, आणि कसे वापरायचे हे कोणी सांगितलेलेच नसते. मग कोणी ते नुसते हवेत हलवतो, तर कोणी बुजुर्गांच्या छातीला टेकवतो.

आमच्या वस्तीतल्या कमिटीने ईदच्या पंधरा दिवस आधी आम्हा शिक्षकांना विचारले, “सर, मुलांना जरा शिकवाल का?” शाळेच्या हॉलमध्ये चार संध्याकाळी बसून स्वयंसेवक मुले आणि काही भगिनी यांच्यासोबत आम्ही जे केले, ते इथे मांडत आहोत. इतर गावांच्या कमिट्यांना आणि शाळांना त्याचा उपयोग होईल.

यंत्र काय ओळखते?

दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवलेले तत्त्व तेच या यंत्रात काम करते. पात्याच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की धातूतही भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात. त्यामुळे मूळ क्षेत्रात फरक पडतो, तो यंत्राला कळतो आणि ‘पीं’ वाजते.

यातून तीन गोष्टी कळतात. एक, यंत्र धातू ओळखते, हत्यार ओळखत नाही. किल्ली, पट्ट्याचे बकल आणि चाकू या तिघांसाठी त्याचा आवाज एकच. दोन, प्लास्टिक, कागद, काच, पाणी यांचा त्याला पत्ता लागत नाही. तीन, कापड त्याला अडवत नाही. म्हणून धातू तपासण्यासाठी बुरखा किंवा नकाब काढायला सांगण्याची गरज नाही. हे तिसरे कळल्यावर आमच्या वर्गातल्या भगिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

आणखी एक शंका गरोदर स्त्रियांबद्दल नेहमी येते. हे एक्स-रे यंत्र नाही. त्यातून क्ष-किरण निघत नाहीत.

आधी मांडणी

बहुतेक यंत्रांत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते, काहींत चार्ज होणारी असते. बॅटरी उतरली की यंत्र अशक्त होते. म्हणून नवी बॅटरी घालावी आणि एक खिशात जादा ठेवावी. यंत्र सुरू करताना ते लोखंडापासून दूर, हवेत धरावे. आवाज आणि नुसती थरथर अशा दोन सोयी असतील तर गर्दीत थरथर बरी. फिरवणाऱ्याला कळते आणि समोरच्याची चारचौघांत शोभा होत नाही.

यानंतर संवेदनक्षमता ठरवावी. ती फार वाढवली तर प्रत्येक चेन आणि बटण वाजते, रांग तुंबते आणि शेवटी मुले आवाजाकडे दुर्लक्ष करू लागतात. फार कमी केली तर छोटे पातेही निसटते. आम्ही एका डबीत पाच वस्तू ठेवल्या: एक रुपयाचे नाणे, किल्ली, सेफ्टी पिन, कागदात गुंडाळलेले दाढीचे पाते आणि छोटा चाकू. एका मुलाच्या खिशात यातली एक वस्तू ठेवायची आणि दुसऱ्याने ती शोधायची. नाणे आणि पाते दर वेळी सापडेल, इतकी क्षमता आम्ही कायम केली. फाटकावरही माणूस बदलला की त्याच डबीवर यंत्र तपासून घ्यायचे, असे ठरले.

जागाही महत्त्वाची. लोखंडी फाटकाला लागून किंवा स्टीलच्या टेबलाजवळ उभे राहिले तर यंत्र उगाच बोलत राहते. फाटकापासून चार पावले आत यावे आणि टेबल लाकडी घ्यावे. सिमेंटच्या जमिनीत सळया असतात, त्यामुळे घोट्यापाशी खोटा आवाज येतो. त्यावर घरातला उपाय आहे. पाय लाकडी पाटावर ठेवायला सांगावा. तपासणाऱ्याने हातातली अंगठी, कडे आणि घड्याळही काढून ठेवावे.

हात कसा फिरवायचा?

पाते कपड्यापासून एक ते दोन इंचांवर असावे. अंगाला लावायचे नाही. हात सावकाश फिरवावा आणि मार्ग प्रत्येकासाठी एकच ठेवावा. एका खांद्यापासून हाताच्या बाहेरून मनगटापर्यंत खाली, आतून बगलेपर्यंत वर, कुशीवरून घोट्यापर्यंत, मग पायाच्या आतल्या बाजूने. तसेच दुसऱ्या बाजूला. त्यानंतर छाती, पोट, कंबर आणि शेवटी पाठ. मार्ग ठरलेला असला की दमलेला मुलगाही कंबर किंवा पाठ विसरत नाही.

यंत्र वाजले तर आवाज चढवायचा नाही. “चाचा, खिशात काही राहिलंय का?” एवढे पुरे. वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने काढावी आणि ती जागा पुन्हा तपासावी. किल्ली निघाली म्हणून तिथेच सोडून देऊ नये, कारण किल्लीमागे दुसरे काही असू शकते. बाईंच्या स्कार्फची पिन वाजली तर बोट दाखवून पिन आहे म्हटले की प्रश्न मिटतो.

स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीच आणि कनातीच्या आडोशाला करावी. ‘नीट’ परीक्षेच्या सूचनांतही मुलींची तपासणी बंदिस्त जागेत महिला कर्मचाऱ्यांनी करावी असे असते. पारंपरिक पोशाख घालणाऱ्या उमेदवारांना लवकर यायलाही सांगितले जाते. आपल्या मुलींना हे आधीच सांगून ठेवावे. वेळ हातात असली की घाबरगुंडी उडत नाही.

काही जणांना वेगळी वागणूक हवी. हृदयाजवळ पेसमेकर असलेल्यांच्या छातीवर यंत्र धरून ठेवू नये. त्यांचे कार्ड पाहावे आणि हाताने तपासावे. गुडघा बदललेल्यांचा गुडघा वाजू शकतो. व्हीलचेअर तर सगळीच धातूची, तिथे डोळे आणि हातच उपयोगी. लहान मुलांना आधी यंत्र हातात देऊन नाणे वाजवून दाखवावे, मग ती स्वतःच हात पसरून उभी राहतात.

बेल यांचा पलंग

या यंत्राच्या इतिहासातली एक हकिकत आम्ही मुलांना सांगितली. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडली गेली. गोळी शरीरातच राहिली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ती शोधायला धातुशोधक यंत्र तयार करून आणले. यंत्र चालत होते, पण अध्यक्षांच्या अंथरुणात धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी आवाजात घोळ घातला. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे असे मुख्य डॉक्टरांनी आधीच ठरवले होते, त्यामुळे शोधही त्याच बाजूला झाला. गोळी डावीकडे होती. १९ सप्टेंबर १८८१ रोजी अध्यक्ष वारले.

या हकिकतीत दोन धडे आहेत. आजूबाजूचे लोखंड आधी पाहा. आणि कुठे सापडेल हे मनात ठरवून शोधू नका. दाढी, टोपी, मळके कपडे, अनोळखी बोली पाहून एकाला जास्त तपासायचे आणि ओळखीच्या पुढाऱ्याला सलाम ठोकून सोडायचे, म्हणजे उजवीच बाजू तपासणे झाले. संशयाने पाहिले जाणे काय असते, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. म्हणून आपल्या फाटकावर नियम एकच: कमिटीच्या सदरांपासून रिक्षावाल्या भाईपर्यंत सगळे त्याच रांगेतून येतील. आमच्याकडे सदरसाहेबांनी पहिली तपासणी स्वतःची करून घेतली. त्यानंतर कोणी कुरकुर केली नाही.

यंत्राच्या पलीकडे

८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात, जुम्मा आणि शब-ए-बरात एकाच दिवशी असताना, कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. बॉम्ब सायकलींना लावलेले होते. सायकल मुळात धातूचीच. तिच्यावरून हे यंत्र फिरवले तर ते वाजणारच, आणि त्या वाजण्याला काही अर्थ नसतो. म्हणून फाटकावर एक जण यंत्राशिवाय हवा. कोणती सायकल, कोणती पिशवी धन्याविना पडली आहे, एवढेच त्याने पाहावे. अशी वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, यंत्रही जवळ नेऊ नये. लोकांना दूर करावे आणि ११२ वर फोन करावा. पिशव्या वेगळ्या टेबलावर उघडून पाहाव्यात. कार्यक्रमाची खबर पोलीस ठाण्याला आधीच द्यावी. कोणी तपासणीला नकार दिला तर स्वयंसेवकाने अंगाला हात घालू नये. विनंती करावी, बाजूला थांबवावे आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगावे.

काही बुजुर्गांनी आम्हाला विचारले, “अल्लाहच्या दारात नमाजींची झडती कशाला?” प्रश्न रास्त होता. आत हजारो लोक सजद्यात असतात आणि त्यांची पाठ दाराकडे असते. त्यांच्या जिवाची अमानत दारावरच्या पोरांकडे असते. त्या पोरांनी अदबीने सलाम करून, इजाजत घेऊन यंत्र फिरवले तर त्याला कोणी झडती म्हणणार नाही.

ईद झाली की यंत्र कपाटात जाते आणि पुढच्या ईदपर्यंत कोणी पाहत नाही. आत राहिलेली बॅटरी पाझरते आणि यंत्र निकामी होते. म्हणून शेवटचे काम लक्षात ठेवावे: बॅटरी काढून, पाच वस्तूंच्या डबीसोबत वेगळी ठेवावी. पुढच्या वर्षी नव्या मुलांना शिकवताना पहिल्यांदा तीच डबी लागेल.